सासऱ्यांचा कॉम्प्युटर आणि अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर

मामंजींना पीडीएफ जोडायच्या होत्या. कुठलंतरी फुकट सॉफ्टवेअर उतरवलं, 'नेक्स्ट-नेक्स्ट' केलं आणि सोबत तीन बिनबोलावलेले पाहुणे आले. ब्राउझरचं पहिलं पान बदललं, शोध भलत्याच साइटवरून व्हायला लागला, शिवाय 'तुमचा पीसी धोक्यात, पैसे भरा' म्हणणारा एक 'ऑप्टिमायझर'.

आधी सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावली. एकाच दिवशी आलेली मंडळी लगेच दिसतात. ऑप्टिमायझर तिथूनच गेला. शोधाचं पान मात्र पुन्हापुन्हा परत. मग अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर वापरलं, असले बिनबोलावलेले पाहुणे शोधून काढणारं सॉफ्टवेअर. मालवेअरबाइट्स या कंपनीचं आहे, फुकट, इन्स्टॉलही करावं लागत नाही. माझं आवडतं कारण: सापडलेलं एकदम पुसत नाही, क्वारंटाइनमध्ये, म्हणजे बाजूला कोंडून ठेवतं, चुकून कामाचं काही गेलं तर परत आणता येतं. कंपनीनं लॅपटॉपबरोबर दिलेली सॉफ्टवेअर्स वेगळी दाखवतं; ती डोळे मिटून काढू नका, टचपॅड किंवा आवाजाची सोय त्यातच असू शकते.

उघडं काम आधी सेव्ह करा, कारण सफाई करताना सगळं बंद होतं आणि मशीन रीस्टार्ट होतं.

उणीव? हे सतत पहारा देत नाही, त्यासाठी विंडोजमधलाच अँटीव्हायरस, डिफेंडर, चालू ठेवायचा. आणि कोपऱ्यात उगवणाऱ्या लॉटरीच्या सूचना गेल्याच नाहीत. त्या कुठल्यातरी साइटवर 'अलाऊ' दाबल्यामुळे आलेल्या, ब्राउझरच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये जाऊन हातानेच काढल्या. अ‍ॅडडब्ल्यूक्लीनरचं डाउनलोड मात्र मालवेअरबाइट्सच्या साइटवरूनच. याच्या नावाने बनावटही फिरतात.

पाचपैकी चार. मामंजी म्हणतात, "पीडीएफ जोडायचं राहिलंच की गं."