आयमॅकमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या या दुकानाला ४ स्टार

मशीन आहे आयमॅक, म्हणजे ॲपलचा स्क्रीनच्या आतच सगळं असलेला कॉम्प्युटर, साडेएकवीस इंची, २०१७चं फोर-के मॉडेल. बायको लग्नाचे अल्बम डिझाइन करते, तिचं आहे. स्क्रीन एवढा देखणा पण आत १ टीबीची ५४०० आरपीएमवाली डिस्क, म्हणजे लॅपटॉपात असते ती अडीच इंची, आणि त्यावर नवीन मॅकओएस (ॲपलची ऑपरेटिंग सिस्टिम) चालवायचं म्हणजे वैताग. तिच्यातली एपीएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, मुळात एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) डोळ्यासमोर ठेवून केलेली, हार्ड डिस्कवर ती रखडते. त्यात गेले काही दिवस टक् टक् आवाज यायला लागला आणि फोटोशॉप उघडायला टाकून चहा करून यायचा असं चाललेलं, मग म्हटलं आता डिस्क पूर्ण बसायच्या आत हालचाल करावी.

घराजवळच्या एका सर्व्हिसवाल्याने मशीन न उघडताच सांगितलं की यात काही होत नाही, नवीन घ्या. एक्सचेंजमध्ये काय देणार विचारलं तर आकडा ऐकून हसूच आलं. मग मित्राने हे दुकान सांगितलं. ग्रँट रोड स्टेशनला ईस्टला उतरून चालत जाता येतं, पण मशीन साडेपाच किलोचं आहे आणि दुकान तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तेव्हा टॅक्सी करा आणि सोबत कोणीतरी न्या. एक स्टार इथेच कापला.

दुकानातले काका पन्नाशीचे असतील, बोलणं कमी. मशीन चालू करून डिस्क युटिलिटी उघडली, डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्ट स्टेटस बघितलं, आणि मला उलट विचारलं, "साहेब, बाहेरून एसएसडी लावून चालणार नाही का? या मॉडेलला मागे थंडरबोल्ट ३चं वेगवान पोर्ट आहे, केसमध्ये एसएसडी टाका, त्यावरूनच बूट करा, स्क्रीन उघडायलाच नको." स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस बघून मी तिथेच निम्मा पटलो. पण मग तेच म्हणाले की आतली डिस्क धड असती तर हेच करायला सांगितलं असतं, ही मरायला टेकलीय, ही आत राहिली तर मशीन दरवेळी हिच्याकडून उत्तर यायची वाट बघत अडकणार. तर ठरलं, उघडायचं.

आता ज्यांना वाटतं की डिस्क बदलायची म्हणजे चार स्क्रू काढायचे, त्यांच्यासाठी सांगतो. २०१२ पासूनच्या या पातळ आयमॅकला समोरून एकही स्क्रू नाही, स्क्रीन चिकटपट्टीने चिकटवलेला आहे. त्याच्या आधीच्या २००९ ते ११च्या मॉडेलांना काच लोहचुंबकावर असायची, सक्शन कप लावून उचलली की झालं. (काका म्हणाले २०११ची वेगळीच भानगड, त्यात डिस्कचं तापमान डिस्कच्याच पॉवर कनेक्टरमधून वाचतात, साधी डिस्क लावली की पंखा फुल स्पीडला जाऊन बसतो, मग त्याला वेगळी सेन्सरची केबल लावावी लागते.) आमच्या मॉडेलला तो त्रास नाही पण गोंद आहे. आणि एलसीडी काचेलाच जोडलेला आहे, म्हणजे काच तडकली की अख्खा पॅनल गेला आणि त्याच्या किमतीत काय येतं ते विचारूच नका.

त्यांनी बसू दिलं शेजारी, म्हणून नीट बघितलं. मशीन पाठीवर थोडं रेलून ठेवलं, स्टँडच्या बिजागराखाली पुठ्ठ्याची घडी सारली म्हणजे डोलत नाही, आणि प्लास्टिकचं एक छोटं चाक असतं हँडलला, ते काच आणि ॲल्युमिनियमच्या फटीत घालून डावीकडून वर, वरून उजवीकडे, उजवीकडून खाली असं पुढेमागे फिरवत आणलं. वर मधोमध कॅमेरा आहे तिथे हात एकदम हलका. मग जुनी एटीएम कार्डं दोन, वरच्या कोपऱ्यांत सरकवून जरा जरा पीळ द्यायचा, चर्र आवाज येतो आणि माझ्या पोटात गोळा येतो, काका मात्र शांत. वरची बाजू सुटली तरी ओढायची नाही कारण मागे दोन केबल आहेत, एक पॉवरची आणि एक डिस्प्लेची, दोन्ही आखूड. त्या काढल्यावर खालची पट्टी सोडवली आणि स्क्रीन टॉवेलवर पालथा. आत उघडी पॉवर सप्लाय आहे, तिच्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही करंट राहतो, म्हणून तिकडे बोट लावू नका असं काका मला म्हणाले. घरी यूट्यूब बघून करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

डिस्क बदलणं हे यातलं सगळ्यात किरकोळ काम निघालं. ब्रॅकेट सोडवला, रबराच्या आवरणातून जुनी काढली, नवीन घातली, केबल लावली. आम्ही क्रुशल एमएक्स५००, १ टीबी घेतली. कंपनीचा आकडा वाचायला ५६० एमबी सेकंदाला, ५ वर्षं वॉरंटी. यापेक्षा भारी साटा एसएसडी घेऊन उपयोग नाही, साटाचीच, म्हणजे डिस्क ज्या जोडणीने लागते तिचीच, मर्यादा साडेपाचशेच्या आसपास आहे. रॅमचंही विचारलं, ८ जीबीची १६ करू का. या साइजमध्ये रॅम मदरबोर्डच्या मागे, म्हणजे बोर्डच बाहेर काढायचा, मजुरी वाढणार. सत्तावीस इंचीला मागे झाकण असतं तिथून मिनिटात होतं, आमच्याला ती चैन नाही. राहू दे म्हटलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्क्रीन लगेच चिकटवला नाही. केबल जोडून कडेला मास्किंग टेप लावून नुसता टेकवला, पेनड्राइव्हवरून व्हेंच्युरा टाकलं (मॅकओएसची आवृत्ती, २०१७च्या मॉडेलला ॲपलकडून हीच शेवटची), आवाज, वायफाय, कॅमेरा माझ्याकडून तपासून घेतला आणि मग नवीन पट्ट्या. त्या नंबर घातलेल्या येतात, कुठली कुठे ते ठरलेलं. कारण एकदा दाबलं की परत तेच कापाकापीचं रामायण. टर्मिनलमध्ये ट्रिमफोर्स एनेबल ही कमांड देऊन ट्रिम (पुसलेली जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवायची सोय) पण चालू करून दिलं, बाहेरच्या कंपनीच्या एसएसडीला मॅक ते स्वतःहून चालू करत नाही, बरेच जण हे सोडून देतात.

मजुरी अडीच हजार, पट्ट्यांचे वेगळे, एसएसडीचं बिल वेगळं. महाग वाटलं तर वाटू दे, पैसे त्या हाताचे आहेत. जुनी डिस्क मी मागायच्या आधीच हातात दिली, तुमचीही असली तर न विसरता घ्या, त्यात लोकांच्या लग्नाचे फोटो असतात. डेटा आम्ही घरी टाइम मशीनच्या बॅकअपवरून मायग्रेशन असिस्टंटने आणला, रात्रभर लावून ठेवला. आता मशीन अर्ध्या मिनिटाच्या आत चालू होतं, लाइटरूमचे कॅटलॉग पटकन उघडतात, पण एक्सपोर्टला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागतो कारण ते काम प्रोसेसरचं, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा ठेवून जाऊ नका. आणि ज्यांच्याकडे २०२१ पासूनचा चोवीस इंची आहे त्यांनी इथे फोन करून त्रास देऊ नका, त्यात स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं आहे.

तक्रारी: फोन दहादा वाजतो पण उचलत नाहीत. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितलं की तोंड वाकडं न करता देतात. कामाची वॉरंटी बिलाच्या मागे पेनने लिहून दिली, सही-शिक्का मारून घ्या. रविवारी मार्केट बंद, शनिवारी संध्याकाळी मुंगी शिरायला जागा नसते, तेव्हा मधल्या वारी सकाळी जा. ॲपल आयडीचा पासवर्ड आठवत असेल तरच जा, आणि कीबोर्ड-माऊस सोबत न्या, तिथला वायरवाला कीबोर्ड आहे त्याचं एंटरचं बटण तीनदा दाबावं लागतं.