बीएलएमचं डिस्क्लेमर ऑफ इंटरेस्ट: अलास्कातल्या नदीच्या तळाचा कागद (५ पैकी २.५ स्टार)

नदीच्या तळावर आमचा हक्क नाही असं केंद्राने राज्याला लिहून द्यायचं, तो हा कागद. ही सर्व्हिस तुम्ही-आम्ही घेत नाही हे आधीच सांगतो. गिऱ्हाईक आहे अलास्काचं राज्य सरकार आणि दुकान केंद्राच्या जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचं, इथे सगळे बीएलएमच म्हणतात. पण नदीत राफ्ट घालून चार दिवस फिरणाऱ्याला या कागदाशी देणंघेणं असतंच, कारण रात्री तंबू कोणाच्या जागेत ठोकलाय ते यावर ठरतं.

अमेरिकेत नियम असा की राज्य ज्या दिवशी राज्य झालं त्या दिवशी ज्या नद्या-तळी नॅव्हिगेबल होती, म्हणजे धंद्याची किंवा प्रवासाची होडी त्यातून जाऊ शकत होती, त्यांचा तळ आपोआप राज्याचा. अलास्का ३ जानेवारी १९५९ ला राज्य झालं, म्हणजे विषय तिथेच संपायला हवा होता, संपला कसला, कुठली नदी त्यात बसते आणि कुठली नाही याची यादीच कोणी केली नाही, आणि राज्यातली साधारण ६० टक्के जमीन अजून केंद्राची, त्यामुळे प्रत्येक नदीला वेगळं भांडण. कोर्टात जायचं नसेल तर १९७६ च्या कायद्याखाली हा कागद मागता येतो. केंद्र लिहून देतं की या तळावर आमचा दावा नाही. नवीन मालकी मिळत नाही, भावंडांकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात तसला प्रकार.

आता सर्व्हिसबद्दल. अर्जाची फी १०० डॉलर, परत मिळत नाही, इथपर्यंत स्वस्तच वाटतं. पण प्रोसेसिंगचा खर्चही अर्जदाराच्याच डोक्यावर, आणि जुने रिपोर्ट, कोणत्या काळात कसल्या होड्या कुठपर्यंत गेल्या, हा सगळा पुरावा गोळा करायचा तो वेगळाच. कागद द्यायच्या किमान ९० दिवस आधी फेडरल रजिस्टरमध्ये (केंद्राच्या राजपत्रात) नोटीस, वर स्थानिक पेपरात सलग ३ आठवडे. हे मला आवडलं, उगाच गुपचूप काही होत नाही. चीड येते ती दुसऱ्याच एका कलमाची. ती जमीन नॅशनल पार्क सर्व्हिस किंवा दुसऱ्या एखाद्या केंद्रीय खात्याच्या ताब्यात असेल आणि त्या खात्याने रास्त हरकत घेतली तर बीएलएम कागद देतच नाही. म्हणजे ज्याच्याशी भांडण त्याच्याच हातात कडी! अर्धा स्टार इथेच कापला.

मग राज्य कोर्टात जातं. गुलकाना नदीचं प्रकरण बघा, बीएलएमने नदी नॅव्हिगेबल नाही असं धरून तिच्या खालच्या भागातला तळ अहत्ना या नेटिव्ह कॉर्पोरेशनला, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या कंपनीला दिला होता, १९८९ मध्ये नाइन्थ सर्किट या केंद्राच्या अपील कोर्टाने नदी नॅव्हिगेबल ठरवली. मासेमारीला गिऱ्हाईकं घेऊन जाणाऱ्या गाइड लोकांच्या राफ्ट आणि मोटरबोटी हाच पुरावा धरला, टुरिस्ट नेणं हाही धंदाच की. मॉस्किटो फोर्क नदीचं तर अजून भारी, राज्याने २०१२ मध्ये केस लावली, केंद्र म्हणे नॅव्हिगेबल नाही, आणि ट्रायल तोंडावर आल्यावर केंद्रच तळावरचा हक्क सोडून मोकळं. हेच आधी अर्जावर केलं असतं तर वकिलांचा खर्च वाचला नसता का दोघांचा?

कागद कशाला लागतो ते जॉन स्टर्जन यांच्या केसवरून कळतं. मूस (मोठं सांबरासारखं जनावर) मारायला ते हॉवरक्राफ्टने, म्हणजे हवेच्या गादीवर चालणाऱ्या होडीने, नेशन नदीतून जायचे, २००७ मध्ये पार्कच्या रेंजर लोकांनी अडवलं की पार्कात हॉवरक्राफ्टला बंदी आहे. केस दोनदा सुप्रीम कोर्टात गेली आणि २०१९ मध्ये नऊच्या नऊ जजांनी सांगितलं की ती नदी केंद्राची पब्लिक लँड नाही, पार्कचा नियम तिथे लागू नाही. १२ वर्षं, एका होडीपायी. (माणूस चिवट पाहिजे!)

मग अडीच स्टार तरी का दिले? कारण मिळाला तर कागद पक्का, रेकॉर्डला लागतो, उद्या साहेब बदलला म्हणून नदी परत केंद्राची होत नाही. पण नदी-नदीने, त्यातही तुकड्या-तुकड्याने अर्ज, कारण २०१२ च्या मोंटाना राज्याच्या केसच्या निकालात सुप्रीम कोर्टाने तळाची मालकी नदीचा एकेक टप्पा बघूनच ठरवा म्हटलंय. हजारो नद्यांच्या राज्यात हे असं चाललं तर आपल्या नातवंडांनाही फायली उघडायला लागतील.

गुलकाना नदीत पॅक्सन लेकपासून साउरडोपर्यंत राफ्टने फ्लोटला जाणार असाल तर एवढं बघा: राज्याची हद्द नेहमीच्या भरल्या पाण्याच्या रेषेपर्यंत, त्यामुळे खालच्या गोट्यांच्या बारवर (पाण्यालगतच्या उघड्या पट्ट्यावर) तंबू टाकला तर जागा राज्याची, रेषेच्या वर चढलात की बीएलएमची. साउरडोच्या खाली गेलात तर काठ बराचसा अहत्नाचा, तिथे वर चढायच्या आधी त्यांच्या परमिटची चौकशी करून ठेवा, आणि रेषा कुठाय ते कळत नसेल तर झुडपं जिथून सुरू होतात त्याच्या बरंच खाली थांबा, फक्त रात्री पाणी चढेल एवढं धरून.