तण खुरपायचं, झाकायचं की औषध मारायचं?

पाऊस लागला की घराशेजारच्या चार वाफ्यांत भाजीच्या आधी तण वर येतं आणि मग खुरपत बसायचं, आच्छादन टाकायचं की सरळ तणनाशक आणायचं ते कळत नाही. आधी तण कुठलं आहे ते बघा, अर्धा निर्णय तिथेच होतो.

गाजरगवत, काटेमाठ हे बियांवर वाढणारं तण. यांना खुरपंच बेस्ट, पाऊस पडून गेल्यावर माती ओली असताना मुळासकट येतं, पण फुलावर यायच्या आत काढा, कारण गाजरगवताचं एकच झाड हजारो बिया टाकतं. आणि ग्लोव्हज घालाच, त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचाही त्रास होतो. घोळ मात्र फेकू नका, डाळ घालून भाजी करा, मस्त होते!

लव्हाळा आणि हरळीचं गणित वेगळं. लव्हाळ्याच्या जमिनीखाली गाठींची माळ असते, वरून उपटला की गाठ खालीच राहते आणि आठवड्यात परत कोंब. खोल खणून गाठी वेचायच्या आणि परत आलेला प्रत्येक कोंब लगेच काढत राहायचा, दमवायचंच त्याला. प्लास्टिक मल्चिंगवर, म्हणजे मातीवर अंथरायच्या प्लास्टिकच्या आच्छादनावर, विसंबू नका, लव्हाळ्याचं टोक ते भोसकून वर येतं.

बाकी सगळ्या तणाला आच्छादन भारी पडतं. एकदा नीट खुरपून घ्या, मग वाळका पालापाचोळा किंवा उसाचं पाचट तीन-चार इंच जाड पसरा, उजेड मिळाला नाही की बी रुजत नाही, वर उन्हाळ्यात पाणीही कमी लागतं. फक्त रोपाच्या खोडाला चिकटवू नका, खोड कुजतं, आणि पावसाळ्यात खाली गोगलगायी लपतात, त्या संध्याकाळी वेचाव्या लागतात.

तणनाशक? घरच्या बागेत माझं स्पष्ट नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता, म्हणजे फवारणीचा व्यवसाय करणाऱ्यांपुरता, ठेवायचा आदेश केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये काढला होता, आणि वाऱ्याने त्याचा फवारा टोमॅटो-मिरचीवर गेला तर तीही जातात. मीठ टाकायचा घरगुती उपाय तर त्याहून वाईट, जमीनच खारवते. फरशीच्या फटीतल्या गवताला उकळतं पाणी ओता, तेवढं पुरतं.

वेळ कमी असेल तर आच्छादन घ्या, लव्हाळा असेल तर आधी दोन-तीन महिने खुरपं.