प्राइम९५ आणि ओव्हरक्लॉक केलेला घरचा संगणक : दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

संगणकाचा वेग वाढवण्याची हौस असलेल्यांना प्राइम९५ हा प्रोग्रॅम परिचित असतो तो ‘टॉर्चर टेस्ट’मुळे. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, ही चाचणी रात्रभर चालवायची आणि सकाळी संगणक बंद पडलेला नसेल तर वाढवलेला वेग पक्का मानायचा, अशी रीत आहे. मूळ काम मात्र वेगळे आहे. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये ‘गिम्प्स’ हा उपक्रम सुरू केला, तो मर्सेन मूळ संख्या, म्हणजे दोनच्या एखाद्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या मूळ संख्या, शोधण्यासाठी. आणि जगभरातील स्वयंसेवकांच्या संगणकांवर हा शोध चालावा म्हणून हा प्रोग्रॅम लिहिला गेला. मी गेली दोन वर्षे ते मूळ काम घरच्या संगणकावर करत आहे, आणि हे परीक्षण त्याच अनुभवावर आधारलेले आहे.

या कामाचा आकार आधी लक्षात घ्यायला हवा. १२ कोटींच्या आसपासचा एक घातांक (दोनचा जो घात घ्यायचा तो आकडा) तपासायचा म्हणजे जवळजवळ तितक्याच वेळा एका प्रचंड संख्येचा वर्ग करून बाकी काढायची, आणि प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाच्या उत्तरावर उभे असते. पाचव्या कोटीतल्या एखाद्या पावलात एक बिट जरी चुकला, तरी त्यापुढची सारी मेहनत फुकट जाते, आणि शेवटचे उत्तर वरकरणी मात्र अगदी नेहमीसारखेच दिसते. व्हिडिओ गेममध्ये असा बिट चुकला तर पडद्यावर क्षणभर एखादा ठिपका उमटेल. इथे तो अनेक दिवसांचे काम खोटे ठरवतो. म्हणूनच लुकास-लेहमर चाचणीच्या, म्हणजे मर्सेन संख्या मूळ आहे का हे ठरवण्याच्या जुन्या पद्धतीच्या, काळात प्रत्येक घातांक दुसऱ्या संगणकावर पुन्हा तपासण्याचा नियम होता.

माझ्या आठ कोअरच्या संगणकात ३२ जीबी रॅम आहे आणि तिचा अधिकृत वेग ३२०० (एमटी/सेकंद) आहे. या मूळ वेगावर एका पावलाला सुमारे ४ मिलिसेकंद लागत, म्हणजे १२ कोटी पावलांना साधारण साडेपाच दिवस. प्रोसेसरचा वेग वाढवल्यावर हा वेळ जेमतेम ३.९ वर आला. एवढ्या मोठ्या संख्यांचा गुणाकार एफएफटी (फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म) या जलद पद्धतीने होतो, त्यासाठी लागणारी माहिती प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या जलद स्मृतीत, मावत नाही आणि कोअर बराच वेळ रॅमची वाट पाहत बसतात, हे मला तेव्हा आकड्यांतून कळले. पुढे रॅम ३६०० वर नेली तेव्हा कुठे वेळ ३.६ झाला आणि पूर्ण चाचणी पाच दिवसांत बसली. टॉर्चर टेस्ट रात्रभर निर्विघ्न चालली होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

चौथ्या दिवशी प्रोग्रॅमच्या खिडकीत ओळ उमटली की गर्बिच तपासणीत चूक आढळली असून शेवटच्या खात्रीशीर ठिकाणापासून काम पुन्हा सुरू केले जात आहे. रॉबर्ट गर्बिच यांनी सुचवलेली ही तपासणी, माझ्या मते, या प्रोग्रॅमचा सर्वांत मोलाचा भाग आहे. आता प्रथम तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या पीआरपी चाचणीत (संख्या बहुधा मूळ आहे का हे सांगणाऱ्या) ३ पासून सुरुवात करून फक्त वर्ग करत जायचे असते, आणि नेमक्या याच साधेपणामुळे मधल्या उत्तरांचा एक गुणाकार सोबत ठेवून दर दहा लाख पावलांनी सगळा हिशेब जुळतो का हे अगदी थोड्या जादा खर्चात पाहता येते. हिशेब जुळला नाही तर प्रोग्रॅम मागे जातो. ३.६ मिलिसेकंदांच्या वेगाने दहा लाख पावले म्हणजे नेमका एक तास, आणि माझे नुकसान त्याहून अधिक झाले नाही. लुकास-लेहमर चाचणीत प्रत्येक पावलाला २ वजा करावे लागत असल्याने तिला हे कवच लाभत नाही. तिथल्या याकोबी तपासणीत चूक सापडण्याची शक्यता निम्मीच असते.

ही सोय आहे म्हणून रॅम हवी तशी ताणावी, असे म्हणणारेही भेटतात, आणि गिम्प्सपुरता त्यांचा हिशेब बरोबर आहे. मला तो पटत नाही. गर्बिच तपासणी माझ्या चाचणीचे रक्षण करते. त्याच रॅममधून डिस्कवर जाणाऱ्या घरच्या छायाचित्रांचे आणि कागदपत्रांचे रक्षण ती करत नाही. जी रॅम चार दिवसांत एकदा चुकते, ती अन्य कामांतही चुकत असणार, आणि तिथे कोणी ओळ लिहून सांगायला येणार नाही.

विजेचा हिशेबही मी मीटर लावून केला. ओव्हरक्लॉक केलेला संगणक २१० वॉट घेत होता, म्हणजे पाच दिवसांच्या एका चाचणीला २५ युनिट. मूळ वेगावर १४० वॉटने साडेपाच दिवसांत सुमारे १९ युनिट लागत. अर्ध्या दिवसासाठी सहा युनिट जास्त मोजायचे, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये ती सगळी उष्णता खोलीतच राहते. शेवटी बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोसेसरची वीजमर्यादा खाली आणली आणि रॅम तिच्या ३२०० वर परत नेली. आता पाऊल ४.०५ मिलिसेकंदांचे आहे, वीज ११५ वॉट, आणि चाचणी साडेपंधरा युनिटमध्ये पुरी होते. त्यानंतर एकदाही चूक आढळलेली नाही.

प्रोग्रॅमचे बाह्य रूप जुन्या वळणाचे आहे. मेन्यू रुक्ष आहेत, काही पर्याय मजकुराच्या फाइली उघडूनच बदलावे लागतात, आणि सोबतची माहितीपत्रके शांतपणे वाचल्याशिवाय नवख्याला वाट सापडत नाही. मात्र तो संगणकावर सर्वांत खालच्या प्राधान्याने चालतो, दुसरे काम सुरू केले की बाजूला होतो, आणि वीज गेली तरी मधली नोंद डिस्कवर असल्याने थोडकेच काम वाया जाते. पीआरपी चाचणीच्या पुराव्यासाठी काही जीबी तात्पुरती जागा मोकळी ठेवावी लागते. ती देण्यात मी कुचराई करणार नाही, कारण या पुराव्यामुळे दुसऱ्या स्वयंसेवकाला माझे उत्तर फार थोड्या वेळात पडताळता येते आणि संपूर्ण फेरतपासणीची गरज उरत नाही.

प्रोसेसरची परीक्षा घेणारे साधन म्हणूनही त्याची योग्यता मोठी आहे. २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधील एक दोष याच प्रोग्रॅमच्या एका विशिष्ट गणनेत संगणक गोठू लागल्याने उघडकीस आला, आणि इंटेलने तो मान्य करून बायोसद्वारे दुरुस्ती दिली. ओव्हरक्लॉक न केलेले संगणकही त्यात अडकत होते.

नवी मूळ संख्या आपल्याच घरी सापडेल या आशेने कोणी येत असेल, तर सध्याची स्थिती त्याला ठाऊक असावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली आणि ४,१०,२४,३२० अंकांची असलेली संख्या ल्यूक ड्युरंट यांनी निरनिराळ्या डेटा सेंटरमधील ग्राफिक्स प्रोसेसर भाड्याने घेऊन शोधली, आणि ती प्रथम नोंदवली डब्लिनमधील एका एन्व्हिडिया ए१०० ग्राफिक्स प्रोसेसरने. तरीही फेरतपासणी, अवयव शोधणे आणि दुसऱ्यांचे पुरावे पडताळणे ही कामे घरच्या संगणकाला पुरेशी आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने संगणक मूळ वेगावर ठेवून आधी एक फेरतपासणी मागून घ्यावी. तिचे उत्तर आधीच्या संगणकाच्या उत्तराशी जुळले, तर आपल्या संगणकाबद्दल टॉर्चर टेस्टच्या एका रात्रीपेक्षा कितीतरी अधिक खात्री मिळते. मी स्वतः रॅमचा वेग बदलला की दरवेळी आधी हीच चाचणी लावतो.