विंडोज सोडून लिनक्स मिंटवर आले, ऑनलाइन गेम्सचं काय झालं? स्टीम आणि प्रोटॉनचा चार महिन्यांचा अनुभव

यंदा भाऊबीजेला धाकट्यानं ओवाळणीत ५०० जीबीचा एसएसडी घातला. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला होता. माझ्या पीसीत सातव्या पिढीचा आय-फाइव्ह आणि जुनं एनव्हिडियाचं १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे बसत नव्हतं. नवा पीसी घ्यायचा नव्हता. "ताई, यावर लिनक्स मिंट टाकू. क्लासची कामं होतील, आणि आपली गेमपण चालते का बघू," तो म्हणाला. लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम.

ते "चालते का बघू" माझ्यासाठी फार मोठं होतं. मी नगरला सावेडीत नववी-दहावीच्या गणिताचे क्लास घेते, तो पुण्यात नोकरीला. रात्री दहाला ओटा आवरला की मी हेडफोन लावते, तोही ऑनलाइन येतो, आणि तासभर आम्ही एका टीममध्ये असतो. आईच्या गुडघ्यांपासून त्याच्या घरमालकापर्यंतचं सगळं बोलणं त्याच तासात होतं. सात वर्षं झाली याला.

मिंट अर्ध्या तासात बसलं. ड्रायव्हर मॅनेजर उघडून एनव्हिडियाचा शिफारस केलेला ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं, स्टीम हे गेम्स विकत घ्यायचं आणि चालवायचं अ‍ॅप घेतलं. पहिला दणका इथेच बसला. माझ्या गेम्स जुन्या १ टीबी हार्डडिस्कवर होत्या. परत डाउनलोड नको म्हणून स्टीमला तोच फोल्डर दाखवला आणि प्लेचं बटण दाबलं. बटणाचं स्टॉप झालं, दोन सेकंदांनी पुन्हा प्ले. खिडकी नाही, एरर नाही, काहीच नाही. आम्ही दोघं फराळाचं ताट मांडीवर घेऊन दोन तास तेच बटण दाबत बसलो. कारण सापडलं ते असं: ती डिस्क फाइली ठेवण्याच्या विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची होती. विंडोजच्या गेम्स लिनक्सवर चालवणारा स्टीममधला प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी आत एक छोटं खोटं विंडोज उभं करतो, त्यात 'सी' ड्राइव्हच्या नावापुढे विसर्गासारखे दोन टिंब लागतात, आणि एनटीएफएसच्या डिस्कवर तिथेच घोळ होतो. गेम एसएसडीवर, लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर हलवली आणि पहिल्या क्लिकला उघडली. तुम्ही येणार असाल तर गेम्सची डिस्क आधी रिकामी करून ईएक्सटी४मध्ये फॉरमॅट करा. आमचे दोन तास तुमचे वाचतील.

प्रोटॉन करतो काय, ते समजून घेतलं की पुढचं कळतं. गेम विंडोजसाठी लिहिलेली असते. ती फाइल मागते, आवाज मागते, माउस कुठे आहे ते विचारते. या मागण्या लिनक्सला समजतील अशा करून देण्याचं काम वाइन हा प्रकल्प १९९३पासून करतो आहे. चित्र काढण्याचा भाग वेगळा: विंडोजच्या डायरेक्टएक्समधल्या सूचना डीएक्सव्हीके हे साधन लिनक्सवर चालणाऱ्या वल्कनमध्ये करून देतं, आणि डायरेक्टएक्स १२साठी व्हीकेडीथ्रीडी आहे. स्टीमची कंपनी वाल्वनं २०१८च्या ऑगस्टमध्ये ही सगळी मंडळी एकत्र बांधून स्टीममध्ये बसवली. त्याआधी, २०१३मध्ये लिनक्सवर स्टीम आलं तेव्हापासून, कंपन्यांनी लिनक्ससाठी वेगळी गेम करावी अशी वाट बघावी लागायची. ग्राहक मोजके, त्यामुळे ते फारसं कुणी करत नव्हतं, आणि केलेलंही टिकेलच असं नाही. रॉकेट लीगनं मार्च २०२०मध्ये लिनक्स आणि मॅकची आवृत्ती बंद केली.

चालतं कसं? मी मनापासून सांगते, विसरायला होतं की हे विंडोज नाही. डीप रॉक गॅलॅक्टिक या गेममध्ये मला ६० एफपीएस (सेकंदाला ६० चित्रं) मिळतात, पिंगही, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, पूर्वीइतकाच. गेम उघडताना "वल्कन शेडर्स प्रोसेस होत आहेत" अशी पट्टी येते, ती घाईत स्किप करू नका. चित्र काढायची तयारी आधीच होते त्यात, आदल्या रात्री वाटण करून ठेवल्यासारखं आहे ते. स्किप केलं की ऐन धुमश्चक्रीत चित्र अडखळतं. माझ्यासारखं जुनं कार्ड असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये डायरेक्टएक्स १२ऐवजी ११ मिळतं का तेही बघा. एका गेममध्ये तेवढ्या एका बदलानं माझे ३५चे ५५ एफपीएस झाले.

आता दुखरी बाजू. आम्ही सात वर्षं जी शूटर खेळत होतो, ती मिंटवर उघडते. मेनू येतो, संगीत लागतं, माझं कॅरेक्टर माझ्या जांभळ्या जॅकेटमध्ये उभं दिसतं. लॉबीत धाकट्याचं नावही दिसतं. मॅच सुरू झाली की पंधरा सेकंदांत बाहेर फेकते. "ताई, तू गेलीस का गं?" हेडफोनमध्ये विचारत होता तो. मी दहा वेळा परत आले असेन.

दोष प्रोटॉनचा नाही, अडचण अँटी-चीटची आहे. चीटर पकडणारी आजची बरीच सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे थेट गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून बसतात आणि तिथून सगळ्या मशीनवर नजर ठेवतात. प्रोटॉन तो गाभा देऊच शकत नाही, कारण खाली विंडोजचा कर्नल नसतोच, लिनक्सचा असतो. व्हॅलोरंट या गेमचं व्हॅनगार्ड असंच आहे, आणि २०२४मध्ये तेच लीग ऑफ लेजंड्सला लागल्यावर लिनक्सवर वर्षानुवर्षं चालणारी ती गेम बंद पडली.

पण सगळीच दारं अशी बंद नाहीत, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या नावांनी सप्टेंबर २०२१मध्येच प्रोटॉनला साथ दिली. फेब्रुवारी २०२२मध्ये वाल्वचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक बाजारात आला, तोही लिनक्सवरच चालतो. स्टीमच्या लायब्ररीत या दोन अँटी-चीटसाठी वेगळे रनटाइमही (ती चालवायला लागणारे जोडभाग) मिळतात. फक्त गेम बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या बाजूनं परवानगी द्यावी लागते. हेलोच्या मास्टर चीफ कलेक्शनला ती मिळाली, लिनक्सवर ऑनलाइन खेळता येतं. जीटीए ऑनलाइनला सप्टेंबर २०२४मध्ये बॅटलआय लागलं, परवानगी नाही, त्यामुळे ऑनलाइन भाग बंद. एपेक्स लेजंड्स तर चालत होती. ३१ ऑक्टोबर २०२४ला कंपनीनं लिनक्सवरून चीटर येतात असं सांगून दार लावलं.

कंपन्यांची बाजू मला कळते. लिनक्सचा कर्नल कुणालाही हवा तसा बदलून बांधता येतो, त्यामुळे चीट लपवणंही सोपं. भिंतीपलीकडून गोळी घालणाऱ्या पोरांमुळे रँक्ड मॅचेस सोडून देण्याची वेळ माझ्यावरही आली आहे. पण सात वर्षांत एकदाही रिपोर्ट न झालेली मीसुद्धा त्या एका निर्णयात बाहेर जाते. स्किन्सना, म्हणजे कॅरेक्टरच्या कपड्या-सजावटीला, घातलेले पैसे अडकले याचं वाईट वाटतंच. रात्री दहाच्या त्या हाकेचं जास्त वाटतं.

म्हणून विकत घेण्याआधी दोन गोष्टी करा. कुठली गेम लिनक्सवर कशी चालते ते खेळणारेच सांगतात त्या प्रोटॉनडीबी साइटवर गेमचं नाव टाका, पण नुसतं गोल्ड-प्लॅटिनम पदक बघून भुलू नका. एकट्यानं खेळणारेही तिथे पदक देतात. खालचे ताजे रिपोर्ट वाचा, त्यात मल्टिप्लेअरबद्दल काय लिहिलंय ते बघा. आणि घेतल्यावर लगेच एक ऑनलाइन मॅच खेळा. खरेदीला १४ दिवस आणि खेळून २ तास व्हायच्या आत स्टीम पैसे परत देतं. अँटी-चीट चकवायचे जुगाड व्हिडिओंत दाखवतात, त्यांच्या नादी लागू नका, अकाउंट कायमचं बॅन होऊ शकतं.

माझ्याकडून प्रोटॉनला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एनटीएफएससाठी, कारण तिथे एक साधी सूचना यायला हवी होती. अँटी-चीटचा एकही गुण मी त्याच्या खात्यातून कापत नाही. फुकट मिळतो, दर काही आठवड्यांनी सुधारतो, आणि माझा नऊ वर्षांचा पीसी त्यानं भंगारात जाऊ दिला नाही.

धाकटा म्हणाला होता, "दुसऱ्या पार्टिशनवर जुनं विंडोज ठेव, तेवढ्या गेमपुरतं." सपोर्ट संपलेल्या सिस्टीमवर स्टीमचं अकाउंट आणि त्याला जोडलेलं यूपीआय उघडायला मन तयार होईना. शेवटी त्यानंच त्याच्याकडची ती शूटर काढून टाकली. आता आम्ही डीप रॉकमध्ये दोन बुटके होऊन खाण खोदतो, आणि शनिवारी काउंटर-स्ट्राइक २, ती तर लिनक्ससाठी मुळातच बनवलेली आहे. परवा त्याच्या ऑफिसातला एक मुलगाही आला आमच्यात. तो मला पहिल्याच मॅचला ताई म्हणायला लागला.