विजेट, डागडुजी की नवी वेबसाइट?

स्पर्धा परीक्षेचे क्लास चालवणारे हल्ली विचारतात, "वेबसाइट दिव्यांगांसाठी सुगम करायचीय, स्वस्तात काय होईल?" प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या, त्यामुळे पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासाला येणाऱ्यांमध्ये अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर मुलंमुली असतातच. तेही तुमची पूर्ण फी भरतात, पण प्रवेशाचा फॉर्म मित्राकडून भरून घेतात.

बाजारात वाटा तीन: तयार विजेट लावणं, आहे ती साइट दुरुस्त करणं, किंवा नवी बांधणं. माझा कल आधीच सांगतो. बहुतेक क्लासनी दुरुस्ती करावी, काहींनी नवी साइट बांधावी आणि विजेट कोणीच घेऊ नये.

विजेट म्हणजे साइटच्या कोपऱ्यात दिसणारं माणसाचं गोल चिन्ह. एक ओळ कोड चिकटवायचा, वर्षाचं भाडं भरायचं. मग अक्षर मोठं होतं, रंग उलटतात, कर्सर जाडा होतो. आता बघा, ज्याला अक्षर मोठं लागतं त्याने ते आपल्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये कधीच मोठं करून ठेवलेलं असतं. अंध विद्यार्थ्याकडे स्वतःचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, असतो: विंडोजवर फुकट मिळणारा एनव्हीडीए किंवा विकतचा जॉज, अँड्रॉइडवर टॉकबॅक. त्याला तुमच्या साइटने बोलायला नकोय. त्याच्या स्क्रीन रीडरला वाचता येईल असं साइटवर काहीतरी हवंय. वेळापत्रक जेपीजीमध्ये, म्हणजे चित्राच्या रूपात, असेल तर विजेट त्यातला सोमवारचा राज्यघटनेचा तास नेमका वाचून दाखवेल याचा भरवसा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये अॅक्सेसिबी या विजेट कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. आपलं साधन कुठलीही साइट आंतरराष्ट्रीय निकषांत बसवतं, हा कंपनीचा दावा कमिशनला टिकणारा वाटला नाही. विजेटवाला फोनवर प्रमाणपत्राची भाषा करू लागला, तर हे आठवा.

दुरुस्तीत पैसा कुठे जातो हे कळलं की निर्णय सोपा होतो. वर्डप्रेसवरची, वीस-पंचवीस पानांची साइट असेल तर बरंचसं काम थोडक्यात उरकतं. फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याला कोडमध्ये नाव देणं, चूक नुसत्या लाल रंगाने न दाखवता शब्दांत सांगणं, मेनू माउसशिवाय टॅबच्या बटणाने चालवता येणं. फिकट राखाडी अक्षरं गडद करायची. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ इतका उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) लागतो. वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा काढून टाका. ओटीपी पुरतो.

मराठी साइटला एक जास्तीचं काम असतं आणि इंग्रजीच्या सवयीने काम करणारे डेव्हलपर ते हटकून विसरतात. पानाची भाषा कोडमध्ये 'एमआर' अशी नोंदवलेली नसेल, तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजातच देवनागरी वाचायला जाऊ शकतो. ऐकणाऱ्याला मग काहीही ऐकू येतं किंवा काहीच येत नाही. त्याहून त्रासदायक जुन्या नोट्स. त्या श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरवर टाइप केलेल्या असतात (दोन्ही पुण्याचीच देणगी). युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही यंत्रावर देवनागरी देवनागरीच राहते त्या पद्धतीच्या, आधीच्या या फाँटमध्ये पडद्यावर 'महाराष्ट्र' दिसतं, आत मात्र रोमन अक्षरांचा गोंधळ असतो आणि स्क्रीन रीडर तोच वाचतो. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, म्हणून नंतर मुद्रितशोधन आलंच. स्कॅन केलेल्या पीडीएफची तीच गत. खरा खर्च इथे आहे, तेव्हा दहा वर्षांच्या साठलेल्या सगळ्या नोट्स एकदम करायला घेऊ नका. चालू बॅचच्या नोट्स आधी करा.

ऑनलाइन टेस्ट सिरीज असेल तर घड्याळ तपासा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पात्र दिव्यांग उमेदवाराला लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं वाढीव मिळतात. तुमची सराव परीक्षा साठाव्या मिनिटाला बंद पडत असेल, तर त्याचा सराव वेगळ्याच परीक्षेचा होतोय. विद्यार्थ्याच्या खात्यात वेळ वाढवायची सोय द्यायला सांगा.

नवी साइट कधी? सगळा मजकूर चित्रांत असेल, मूळ डेव्हलपर गायब असेल आणि कोडला हात लावला की दुसरीकडे काही मोडत असेल, तर डागडुजीत पैसे घालण्यात अर्थ नाही. मात्र नवीन म्हणजे सुगम, असं आपोआप होत नाही. सरकते बॅनर, उडती बटणं नव्या थीममध्येही असतातच. वर्डप्रेसवर 'अॅक्सेसिबिलिटी रेडी' असा शिक्का असलेल्या थीम मिळतात, त्यातली घ्या. कामाच्या करारात डब्ल्यूसीएजी २.२, एए पातळी, असं लिहून घ्या (डब्ल्यूसीएजी म्हणजे वेबसाइटच्या सुगमतेचे आंतरराष्ट्रीय निकष, ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची आहे) आणि शेवटचा हप्ता चाचणीनंतर द्या.

चाचणी लाइटहाउस किंवा वेव्हसारख्या फुकट साधनाने सुरू करा. चित्राला पर्यायी मजकूर (स्क्रीन रीडरसाठी कोडमध्ये लिहिलेलं चित्राचं वर्णन) नाही हे ती पकडतात, पण त्या जागी कोणी नुसतं 'फोटो१' लिहिलं असेल तर अनेकदा खुशाल पास करतात. त्यामुळे शंभरपैकी शंभर गुण दाखवणाऱ्या डेव्हलपरला हप्ता लगेच देऊ नका. स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या विद्यार्थ्याला बसवा, फॉर्म भरायला द्या, मध्ये बोलू नका. त्याच्या वेळेचे पैसे द्या. ओळखीत कोणी नसेल तर पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन किंवा निवांत अंध मुक्त विकासालय यांच्याकडे विचारणा करता येईल.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या त्याच कायद्याचं कलम ४६ (सेवा सुगम करण्याबद्दलचं) खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. कायदा मोडल्यास पहिल्यांदा १० हजारांपर्यंत, पुढे ५० हजार ते ५ लाख दंडाची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम रद्द ठरवला आणि एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, तेव्हा तक्रारदाराला लांब जावं लागणार नाही.

दुरुस्ती करा वा नवी बांधा, एक खर्च दोन्हीकडे धरा: साइटवर सूचना चढवणाऱ्या ऑफिसातल्या माणसाचं प्रशिक्षण. व्हॉट्सअॅपवर आलेला सूचनेचा फोटो जसाच्या तसा चढवायचा नाही, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायचा, शीर्षकाला शीर्षकाचीच शैली द्यायची, हे त्याला दुपारभरात शिकवता येतं. हे काम डेव्हलपरच्या कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत मागून घ्या.