दर बुधवारी १२.७ व्होल्ट : हिवाळ्यात गाडी सांभाळायला दिली आणि बॅटरी बदलली गेली

टोरांटोच्या आसपास राहणारी आणि हिवाळ्यात भारतात जाणारी आपली बरीच मंडळी आहेत. कुणाचे आईवडील थकलेत, कुणी निवृत्त झालंय, कुणाला थंडी सोसवत नाही. नोव्हेंबरात निघायचं, मार्चअखेर परतायचं. मागे राहते ती गाडी. त्या गाडीच्या बॅटरीच्या नावाखाली आम्हाला २०२४-२५ च्या हिवाळ्यात कसं लुटलं ते सविस्तर लिहितेय, कारण यातली मेख कळल्याशिवाय चोरी दिसतच नाही. धंद्याचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे.

आमची गाडी इमारतीबाहेर उघड्यावर उभी असते आणि तिथे प्लगची सोय नाही. गाडी बंद असली तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ, कॉम्प्युटर थोडा थोडा करंट खातच असतात. हल्लीच्या गाड्यांत हा करंट साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ३० धरला तरी दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास जातो. ६० अँपिअर-तासांची बॅटरी दीड महिन्यात निम्म्यावर येते, आणि चार महिन्यांत तर ठणठणीत कोरडीच. नुसती उतरली तर चार्ज करून घेता येईल, पण उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली की प्लेट्सवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग कितीही चार्ज करा, पूर्वीचा दम येत नाही. शिवाय पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही, पण पार उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं, ते उणे सात-आठलाच गोठायला लागतं. टोरांटो ज्यात येतं त्या ऑन्टॅरिओ प्रांतात जानेवारीतली रात्र म्हणजे त्याहून थंड.

(पुण्यात मैत्रिणी म्हणतात, थंडीने बॅटरी मरते. खरं तर तिला म्हातारी करतो उन्हाळा, थंडी फक्त ते उघडं पाडते.)

म्हणून ‘इनडोअर स्टोरेज’वाल्याकडे गाडी दिली. मोठी शेड, आत रांगेने झाकलेल्या गाड्या, प्रत्येक खांबावर प्लग. जागेचं भाडं वेगळं आणि ‘बॅटरी केअर’ म्हणून महिन्याला ३५ डॉलर वेगळे. त्यात मेंटेनर लावून ठेवणार आणि दर आठवड्याला व्होल्टेज तपासून नोंद करणार, असं छापील पत्रकावर होतं. मेंटेनर म्हणजे साधा चार्जर नव्हे. बॅटरी भरली की तो स्वतःच हात आखडता घेतो आणि १३.२ ते १३.६ व्होल्टच्या दरम्यान तिला धरून ठेवतो. आमची बॅटरी आदल्याच वर्षी बसवलेली होती, पावती घरात आहे. काळजीचं कारणच नव्हतं.

मार्चअखेर गाडी घ्यायला गेलो. काउंटरवरच्या माणसाने बिल पुढे केलं, त्यात चार महिन्यांचं ‘बॅटरी केअर’ होतंच, वर ३८९ डॉलर बॅटरीचे. म्हणे, जुनी ‘फेल’ झाली, वाचवता आली नाही, तुमच्या सोयीसाठी आम्ही बदलून ठेवली. विचारलं का नाही? तर म्हणे फोन लागला नाही. कोल्हापुरात माझा फोन दिवसभर चालू होता आणि त्यांनीच फेब्रुवारीत भाड्याची आठवण व्हॉट्सॲपवर पाठवली होती. नवऱ्याने कुरबुर केली तेव्हा त्या माणसाने बॉनेट उघडून मल्टिमीटर लावला. १२.९. ‘बघा, ठणठणीत.’ विमा त्याच दिवसापासून पूर्ण सुरू झाला होता, घरी जायला दुसरी गाडी नव्हती, सामान फुटपाथवर. कार्डने पैसे दिले आणि निघालो. कार्डने दिले हे फार बरं झालं, ते पुढे येईलच.

बिलासोबत त्यांनी मोठ्या थाटात ‘मेंटेनन्स लॉग’ही दिला होता. रात्री जेवणं झाल्यावर मी तो कागद नीट वाचला. तारखा, शेजारी व्होल्टेज, शेजारी सही. एकच पेन, एकच तिरकी सही, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आकडा. १२.७. दर बुधवारची नोंद. २०२४ चा नाताळ बुधवारी होता. २०२५ चा १ जानेवारीही बुधवारीच. दोन्ही दिवशी त्यांच्याच दारावर ‘बंद’ची पाटी असते, पण कागदानुसार तिथे कुणीतरी इमानेइतबारे मल्टिमीटर घेऊन आलं होतं.

सुट्टीच्या दिवशीही कुणी आलं असेल म्हणून सोडून देऊ. पण आकड्याचं काय? मेंटेनर लावलेला असेल तर बॅटरीच्या टर्मिनलवर तेरा-साडेतेरा दिसायला हवेत. १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, पण कशालाही न जोडलेली बॅटरी. आणि न जोडलेली म्हणावी, तर ती उतरत का गेली नाही? गाडीत बसवलेली बॅटरी चार महिने १२.७ वर थांबत नाही. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव. यातलं एकही पाऊल त्या कागदावर नव्हतं.

आता हे बिलाशेजारी ठेवा. लॉग म्हणतो, गाडी घेण्याच्या आधीच्या बुधवारीसुद्धा बॅटरी तंदुरुस्त. बिल म्हणतं, बॅटरी मेली म्हणून बदलली. दोन्ही कागदांवर त्याच दुकानाचा शिक्का. लॉग खरा असेल तर आमची चांगली बॅटरी काढून घेतली. बिल खरं असेल तर लॉग खोटा आणि महिन्याचे ३५ डॉलर फुकट घेतले, शिवाय त्यांच्याच हलगर्जीने बॅटरी मेली. त्यांच्या बाजूने सुटेल असा तिसरा अर्थ आम्हाला तरी सापडला नाही. आता वाटतं, लॉग देऊन त्यांनी आमच्यावर उपकारच केले.

तरी बॅटरी नवी आहे असंच आम्ही धरून चाललो होतो. एप्रिलच्या सुरुवातीला एका गारठलेल्या सकाळी गाडी सेल्फ घेईना. नुसतं टक-टक-टक. नवऱ्याच्या मित्राचे वडील ब्रॅम्प्टनला मुलाकडे असतात, नाशिकला त्यांचं गॅरेज होतं. ते मुलासोबत जंप केबल घेऊन आले. बॉनेट उघडलं, केबल लावायच्या आधीच थबकले.

‘अगं, ही नवी कुणी सांगितली तुला?’

मी म्हटलं, काका, बिल आहे ना, ३८९ डॉलरचं.

‘बिल नवं असेल.’

मग त्यांनी एकेक दाखवलं. नव्या बॅटरीचे शिशाचे खुंट (टर्मिनल) गुळगुळीत, एकसारखे राखाडी असतात. यावर क्लॅम्प आवळल्याचे चकचकीत ओरखडे होते, तेही दोन वेगवेगळ्या उंचीवर, म्हणजे ही याआधी दुसऱ्या कुठल्यातरी गाडीत बसलेली. खाली जिथे पट्टी दाबून धरते तिथली कड घासून पांढरी पडलेली. झाकण मात्र कसल्यातरी तेलाने पुसून काळंभोर चमकवलेलं. वर ‘०३/२५’ असं कोरं करकरीत स्टिकर. काकांनी स्टिकरचा कोपरा नखाने उचलला, तसं ते सगळंच निघून आलं. खाली प्लॅस्टिकमध्ये दाबलेली अक्षरं ब्लेडने खरवडलेली, पण तिरक्या उजेडात वाचता येत होती : एफ ९. बऱ्याच कंपन्यांत पहिलं अक्षर महिन्याचं (ए जानेवारी, बी फेब्रुवारी, याच क्रमाने) आणि पुढचा आकडा वर्षाचा. जून २०१९. जवळजवळ सहा वर्षांची बॅटरी.

जंप करून तशीच गाडी सुट्या भागांच्या दुकानात नेली, तिथे बॅटरी फुकट तपासून देतात. लेबलवर कोल्ड क्रँकिंग अँपिअर ६४०. हा आकडा उणे १८ अंशांना सलग ३० सेकंद किती करंट देता येईल त्याचा. मशीनने दाखवला २३०. दुकानातल्या मुलाने कागद छापून दिला, वर स्वतःहून तारीख टाकली.

मग त्या दिवशी १२.९ कसे दिसले? काकांच्या भाषेत, ‘वरची साय’. बॅटरी नुकतीच चार्जरवरून काढलेली असली की प्लेट्सच्या पृष्ठभागावर थोडा चार्ज साचलेला असतो, त्यामुळे व्होल्टेज फुगलेलं दिसतं. मेलेल्या बॅटरीलाही ते सोंग काही तास वठवता येतं. खरा आकडा हवा तर काही तास ती तशीच राहू द्यायची, किंवा हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावून बंद करायचे, थोडं थांबायचं आणि मग मोजायचं. आणि तेव्हाही व्होल्टेज सांगतं बॅटरी किती भरली आहे, तिच्यात किती जीव उरलाय ते नाही. तुमच्यासमोर मल्टिमीटर लावून कुणी १२.९ दाखवत असेल तर त्याला ‘आधी हेडलाइट लावा’ म्हणा आणि चेहरा बघा.

आता कायद्याचं, कारण इथे आपल्या लोकांना वाटतं की गाडी त्यांच्या ताब्यात होती म्हणजे संपलं. ऑन्टॅरिओचा २००२ चा ग्राहक संरक्षण कायदा गाडीच्या दुरुस्तीबाबत बराच कडक आहे. लेखी अंदाजपत्रक न देता पैसे लावता येत नाहीत. अंदाजपत्रक नको असं ग्राहकाने सांगितलं असेल, तर जास्तीत जास्त किती खर्च चालेल ती रक्कम त्याने मंजूर केलेली असावी लागते. अंदाजपत्रकापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त बिल लावता येत नाही. काढलेला जुना भाग परत देऊ करावा लागतो. बिलावर भाग नवा, वापरलेला की दुरुस्त करून घेतलेला हे लिहावं लागतं. आमच्या बिलावर नुसतं ‘बॅटरी’ होतं. नवी हा शब्द तोंडी वापरला, कागदावर कुठेच नाही. तेव्हा हे सहज वाटलं होतं, आता वाटत नाही.

स्टोरेजवाल्यांना फोन केला तेव्हा त्यांनी गाडी देताना भरलेल्या फॉर्मवरचं बारीक अक्षर दाखवलं, ‘आवश्यक ती दुरुस्ती करण्यास संमती’. रकमेची मर्यादा त्यात नव्हतीच. जुनी बॅटरी मागितली तर ‘भंगारात गेली’. भंगारात जाते ती फुकट नाही, शिसं विकलं जातं. नवी बॅटरी घेताना जुनी परत दिली नाही तर दुकानदार वेगळी अनामत घेतो ते त्यासाठीच. आणि आमची तर भंगारात गेलीच नसावी. एका वर्षाची चालती बॅटरी कोण भंगारात टाकेल? ती एव्हाना कुणाच्या तरी गाडीत ‘नवी’ म्हणून बसली असेल, आमच्या गाडीत एफ ९ बसली तशीच.

गाडी ठेवायला देणार असाल तर बॅटरीच्या झाकणाचा फोटो काढा, तारखेचा कोड आणि लेबल वाचता येईल असा. फॉर्मवर बॅटरीची कंपनी आणि कोड लिहून त्यांची सही घ्या. मी या वर्षी बॅटरीच्या बाजूला, पट्टीखाली, लाल नेलपेंटचा ठिपका दिलाय. ‘माझ्या लेखी परवानगीशिवाय कुठलाही भाग बदलू नये’ हे वाक्य हाताने लिहिलं तरी चालतं. त्यावर ज्याने तोंड वाकडं केलं, त्याच्याकडून आम्ही गाडी परत घेऊन आलो.

आपल्यामागे व्होल्टेजवर लक्ष ठेवायचं असेल तर बॅटरीला लावायचा छोटा ब्लूटूथ मॉनिटर मिळतो. तो रेंजमध्ये नसतानाही काही आठवड्यांच्या नोंदी स्वतःकडे ठेवतो, परत आल्यावर फोनवर आलेख दिसतो. मेंटेनर खरंच लावला असेल तर रेघ तेरा-साडेतेरावर सरळ असते. शेवटच्या रात्री एकदम उडी दिसली तर समजून जा.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कुणाला काही द्यायचंच नाही. निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलं की गाडीचा करंट खाणं थांबतं, थंडीत बॅटरी स्वतःहून फार हळू उतरते, आणि पूर्ण भरलेली असेल तर चार महिने आरामात निघतात. रेडिओचा कोड, काचांची सेटिंग परत करावी लागते इतकंच. ‘शेजाऱ्याला सांगू, आठवड्यातून दहा मिनिटं गाडी चालू कर’ हा सल्ला मात्र कुणी दिला तर ऐकू नका. सुरू करताना जेवढं गेलं तेवढं दहा मिनिटं उभ्या गाडीत नीट भरून निघत नाही, आणि एग्झॉस्टमध्ये पाणी साचतं ते वेगळं.

आमचं पुढे काय झालं? लॉग, बिल, जुन्या बॅटरीची पावती, दुकानातला तपासणीचा कागद आणि स्टिकरखालच्या कोडचे फोटो कार्डच्या बँकेला पाठवले. बँकेने स्टोरेजवाल्यांकडून खुलासा मागवला. त्यांनी पुरावा म्हणून तोच लॉग जोडला. बॅटरीचे ३८९ परत आले. ‘बॅटरी केअर’च्या पैशांबद्दल बँक म्हणाली, सेवा दिली की नाही हे आम्ही ठरवू शकत नाही. त्याची तक्रार प्रांताच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे केली आहे, नाताळच्या नोंदीवर पिवळी खूण करून.